पहिली सही घाडीमामांची

लालबागच्या जांभळीच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या नळाखालून, लक्ष्मीबाई तांबे यांचा हंडा गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाच वाजता उचलून बाजूला ठेवण्यात आला. फेकला नाही. आपटला नाही. थेंब न सांडता उचलला आणि रांगेबाहेर ठेवला. ज्यांनी ठेवला ते पुढे हेच सांगत राहिले, की आम्ही कुणाला हात लावला का? हंडा नुसता सरकवला.

लक्ष्मीबाई त्या चाळीत नऊ वर्षं राहत होत्या. गिरणीत वाइंडिंग खात्यात काम, नवरा वारलेला, मुलगी सुमन चौथीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, गोळीबाराच्या दिवसांत रस्त्यावर अश्रुधूर सुटला की त्यांच्याच खोलीतून ओल्या फडक्यांची बादली खाली जायची. डोळे चोळत पळणाऱ्या एकाही मराठी माणसाने तेव्हा बादली कुणाच्या घरची म्हणून विचारलं नाही. पण नागपूरच्या धर्मांतरानंतरचा पहिला पाडवा आला आणि त्यांनी दाराशी गुढी उभारली नाही. शेजारणीने विचारलं, "का गं?" त्यांनी गॅलरीच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आम्ही आता बौद्ध झालो." गुन्हा एवढाच. तांबे या आडनावाखाली नऊ वर्षं जी जात कुणाला दिसली नव्हती, ती चाळीला एका वाक्यात दिसली.

अन्याय आधी, वार-वेळेसकट, आणि माणसं मागून, ही मला पत्रकं लिहून लिहून लागलेली सवय. पण या अन्यायाच्या मागून जो माणूस जिना चढत आला तो माझ्या कुठल्याच पत्रकात मावला नाही. रामचंद्र घाडी. निवृत्त पोस्टमन. लालबाग-परळमध्ये त्यांना सगळे घाडीमामा म्हणत.

मामांची चाल बघण्यासारखी होती. घाई नाही, रेंगाळणं नाही. तीस वर्षं टपाल वाटताना जी चाल लागली तीच पेन्शनीत राहिली, इतकी की मामींबरोबर बाजारात गेले तरी ते दहा पावलं पुढे असत आणि मामी मागून ओरडत, "अहो, टपाल नाही वाटायचंय!" खाकी पिशवी त्यांनी ऑफिसात जमा केली होती, पण खांदा ऐकेना. शेवटी मामींनी जुन्या चादरीची त्याच मापाची पिशवी शिवून दिली. तिच्यात सुंठेचा तुकडा, पेन्सिल, चष्म्याचं घर आणि शाळेतल्या पोराची असावी तशी एक वही. बाहेरच्या माणसांशी ते साधं मराठी बोलत. राग आला किंवा जीव लागला की मालवणी. माझ्याशी त्यांनी पहिल्याच भेटीत मालवणी सुरू केली. ते रागाने की मायेने, हे मी विचारलं नाही.

आडनावावरून ते स्वतःचीच चेष्टा करत. गावाकडे घाडी म्हणजे भुतं उतरवणारे. "आमच्या घराण्यात भुतां काढूचो धंदो," ते म्हणत. "माका तो जमाक नाय, म्हणान टपालात गेलंय. आता म्हातारपणी परत तोच करूक लागता."

भूत कुठलं, ते सांगतो. त्या भागात तेव्हा एक मंडळ जोर धरत होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. मंडळवाले छातीवर आपलाच, संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला लावत आणि त्याच्या आडून वेगळंच सांगत. येणारं राज्य मराठी माणसाचं, हे खरं, पण मराठी माणूस कोण हे आम्ही ठरवणार. त्यांच्या यादीतून आधी हॉटेलवाला उडुपी गेला, मग मदनपुऱ्याचा मुसलमान विणकर, मग बौद्ध. उरलेल्यांनी त्यांच्या शाखेवर सकाळी हजेरी लावायची. त्यांचा सेक्रेटरी राणे हसरा आणि कामाचा माणूस. कुणाचं रेशनकार्ड करून दे, कुणाच्या पोराचं शाळेत नाव घाल. अशी माणसं आरडाओरडा करत असतील अशी माझी समजूत होती. राणे कधी मोठ्याने बोललेला मी ऐकला नाही.

मी गिरगावात एका छापखान्यात प्रुफं तपासायचो, फणसवाडीत राहायचो, आणि काम सुटलं की ट्राम धरून लालबागला. तिथे एका व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत चळवळीचं ऑफिस होतं. मी आमच्या पुढाऱ्यांना विचारलं, या मंडळाविरुद्ध बोलायचं की नाही? ते म्हणाले, आत्ता नको, फूट पडेल, आधी राज्य येऊ दे. हेच उत्तर मी तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आणि तिन्ही वेळा ते सांगणारा माणूस माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. मी भडकलो. एक जळजळीत पत्रक लिहिलं, छापून घेतलं आणि जांभळीच्या चाळीत घरोघरी दारांच्या फटीतून सरकवून आलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चादरीची पिशवी लावलेला एक म्हातारा माझी वाट बघत बसला होता.

"पत्रकवालो तूच मा?"

"हो."

"चल. तुझां टपाल खंय खंय पोचलां तां बघूया."

त्यांनी मला चाळभर फिरवलं. एका घरी माझं पत्रक पिठाच्या डब्याखाली होतं. दुसऱ्या घरी फळीवर अंथरलेलं. जिन्याखाली बसणारी कोळीण त्यात सुके बोंबील बांधून देत होती. "धिक्कार" हा शब्द मी मोठ्या टायपात घेतला होता, तो बोंबलाच्या शेपटीजवळ आला होता.

"पोचलां सगळ्यांकडे," मामा म्हणाले. "वाचलां कोणी?"

मी चिडून म्हणालो, "लोकांना वाचायचंच नसेल तर?"

"झिला, तीस वर्षां मी पत्रां वाटलंय. ज्याका येता तो वाचताच. ह्या पत्र कोणाक होतां? वरती नाव होतां कोणाचां?"

असे आम्ही जमलो. हळूहळू सात जण झालो. त्यात नलू परब होती. बाप गिरणीत, ती शिवणकाम करायची. जीभ कात्रीसारखी. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "काय हो, फणसवाडीकर, तुम्ही घरी पण असंच धिक्कार-धिक्कार बोलता का? आमटीला धिक्कार, भाताला धिक्कार?" बाकीचे हसले. मामाही हसले. मी हसलो नाही, पण पुढचं पत्रक लिहिताना तो शब्द काढून टाकला.

मामांनी आम्हाला दारावर जायला शिकवलं. हे शिकवायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. चाळीत शिरलं की आधी थेट वरच्या मजल्यावर जायचं आणि घरं करत करत खाली यायचं. चढतानाचा दम एकदाच लागतो आणि धापा टाकणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही. दारासमोर उभं राहायचं नाही, चौकटीच्या कडेला राहायचं, म्हणजे आतल्या बाईच्या कामावरचा उजेड अडत नाही. कडी वाजवायची नाही, नावाने हाक मारायची. आणि आपलं म्हणणं सांगायच्या आधी त्यांचं ऐकायचं. "आधी त्यांचां टपाल घेवचां, मगे आपला देवचां," हे ते इतक्यांदा सांगत की नलू त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवायची.

संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून वही उघडायची. प्रत्येक घरापुढे मामा पोस्टात लिहितात तसा शेरा लिहीत. 'पोचलं.' 'घरी नाही.' 'नाकारलं.' घरातच बसलेल्या माणसापुढे ते 'घरी नाही' लिहीत तेव्हा मला गंमत वाटे.

"मामा, तो तर समोर बसला होता."

"बसलेलो होतो. पण मन खंय होतां त्याचां? राणेच्या खिशात. परत जावक होया."

तीन खेपा झाल्याशिवाय 'नाकारलं' लिहायला त्यांची मनाई होती.

आमच्यातला एकजण, नाव कशाला सांगू, चांगला शिकलेला, सभांत समतेवर बोलणारा. एका दुपारी आम्ही लक्ष्मीबाईंच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. याने कप हातात घेतला आणि खाली ठेवला. "माझा आज उपास आहे," म्हणाला.

मामा आपला चहा बशीत ओतत होते. वर न बघता म्हणाले, "उपासाक चाय चलता रे. माझी आवस सोळा सोमवार करी. एकेका सोमवारी चार-चार कप पी."

नलूने पदर तोंडाला लावला. लक्ष्मीबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो कप उचलला, मोरीत ओतला आणि विसळून पालथा घातला, जणू हे त्यांना रोजचंच होतं. खाली आल्यावर मामांनी त्या माणसाला बाजूला घेतलं. "तू दारार येव नको. ऑफिसात बस, पत्त्यांची यादी कर. ज्या दिवशी लक्ष्मीकडे चाय पिशीत, त्या दिवशी ये." तो महिनाभर आला नाही. मग एका रविवारी तो एकटाच लक्ष्मीबाईंकडे जाऊन बसल्याचं कळलं. चहा प्याला की नाही, हे मामांनी विचारलं नाही. सोमवारी त्याला जिन्याने वर घेऊन गेले.

राणेशी त्यांची गाठ जिन्यातच पडायची. तो वर येत असे, आम्ही खाली. एकदा त्याने मामांना वाकून नमस्कार केला.

"मामा, तुम्ही वडीलधारे. आपण सगळे एकच की हो. उद्या आपलं राज्य येतंय."

"आपला म्हणजे कोणाचा रे?"

"मराठी माणसाचं."

"लक्ष्मी खयची भाषा बोलता?"

"मामा, तो प्रश्न वेगळा आहे."

"भाषा एक, चाळ एक, नळ एक. मगे प्रश्न वेगळो कसो झालो?"

राणे हसला. "तुम्हाला समजावणं मला जमायचं नाही मामा. पण चाळ तुमच्यासारखा विचार करत नाही. कागद बोलतोय." आणि तो वर गेला. कसला कागद, हे मला तेव्हा उमजलं नाही. मामांना उमजलं असावं असं आज वाटतं, कारण त्या दिवशी त्यांनी वही उघडली आणि एकही शेरा न लिहिता मिटली.

चार दिवसांनी, रविवारी दुपारी, लक्ष्मीबाई मामांच्या खोलीत एक पत्र घेऊन आल्या. मी तिथे होतो. चाळीतल्या निम्म्या घरांची पत्रं मामाच वाचून दाखवत. गावाकडून आजार, बाळंतपण, जमिनीचं भांडण, काहीही आलं तरी ते जसं आहे तसं वाचत. गाळणं नाही, गोड करणं नाही. चाळीत त्यांच्या वाचनावर कोर्टापेक्षा जास्त विश्वास होता.

पत्र मालकाच्या वकिलाचं होतं. मामांनी चष्मा लावला आणि वाचलं. सदर भाडेकरू बाईंच्या वागण्याने शेजाऱ्यांना उपद्रव होतो, चाळीतील भाडेकरूंनी सह्यांनिशी तशी तक्रार केली आहे, महिन्याच्या आत खोली खाली करावी, नाहीतर दावा लावण्यात येईल. पुढे तक्रार करणाऱ्यांची नावं होती. मामा थांबले. पाण्याचा घोट घेतला. मग एकेक नाव वाचलं. परब, म्हणजे नलूचे वडील. चव्हाण. केळुसकर. पेडणेकर. लक्ष्मीबाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. यादी संपल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालां," मामा म्हणाले.

"बरं." त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "मामा, ही खोली गेली तर सुमनची शाळा सुटेल. दुसरी खोली मला कोण देतंय आता? नाव सांगायचं आणि पुढे जायचं, अशा किती चाळी फिरू?"

त्या गेल्या आणि मी पेटलो. मी म्हणालो, मामा, ती यादी द्या. एकेक नाव छापतो, खोली नंबरसकट. मामांनी पत्र घडी करून पिशवीत ठेवलं. "नाव छापलंस की माणूस आपला नाव वाचवूक बसता. लक्ष्मीची खोली रवता बाजूक. आधी दारां करूया."

दोन आठवडे आम्ही दारं केली. वरून खाली. तक्रार मागे घेतली असं चार ओळींत मालकाला लिहून द्या, एवढंच मागणं. एक सही मागे आली नाही. प्रत्येक घरी एकच उत्तर मिळे, "सगळ्यांनी केली म्हणून केली." मी विचारी, "सगळ्यांच्या आधी कुणी केली?" यावर माणसं मामांकडे बघत, आणि मग जमिनीकडे. मला वाटे, लाजतात. नलूला तसं वाटेना. तिच्या बापाने तर तिच्याशी त्या विषयावर बोलणंच बंद केलं होतं. "हे मामांकडे असं का बघतात हो?" ती मला म्हणाली. "कर्ज बुडवल्यासारखे नाही. कर्ज दिल्यासारखे बघतात."

मला धीर धरवला नाही. पहिलं नाव कुणाचं, हे मला हवंच होतं. मी मामांना न सांगता मालकाच्या ऑफिसात गेलो. भाडं वसूल करणारा मेहता तिथे बसलेला. मी छापखान्यातून आलो म्हटल्यावर काही छापायचं असेल असं समजून त्याने मूळ कागद खुशीने पुढे केला. वर लिहिलं होतं, नळाजवळील शिस्त आणि स्वच्छता यांबाबत अर्ज. लक्ष्मीबाईंचं नाव पार खाली, बारीक अक्षरात. आणि सह्यांत पहिली सही, गोल, टपोरी, प्रत्येक अक्षर सुटं. रामचंद्र विठोबा घाडी.

मी ट्रामची वाट न बघता चालत आलो. मामा गॅलरीत बसून बोंबील साफ करत होते. मी उभ्यानेच म्हणालो, "पहिली सही तुमची आहे."

त्यांनी हात थांबवला नाही. "होय."

"त्या दिवशी तुम्ही पत्र वाचलंत. सगळी नावं वाचलीत."

"एक सोडून."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. छापखान्यातले टाइपही लाजले असते. ते ऐकत राहिले. मग हात धुऊन आले आणि सांगितलं. पाडव्यानंतरच्या रविवारी ते बाजारात निघाले होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी. राणे जिन्यात भेटला, छातीवर बिल्ला. नळाच्या स्वच्छतेचा अर्ज आहे मामा, पहिली सही तुमची हवी. पेन त्यानेच उघडून हातात दिलं. चष्मा घरात होता. "इथे सही," तो म्हणाला.

"तीस वर्षां मी लोकांक ह्याच सांगलंय," मामा म्हणाले. "मनीऑर्डर असो, रजिस्टर असो. हंय सही. कोणी वाचूक नाय कधी. पोस्टमन सांगता म्हणजे खरांच. मी पण तसोच केलंय. आणि मगे राणे दारोदारी गेलो. मामांनी केली, बघा, पयली. लोकां माका विचारूक नाय, कित्याक केलंत. माझी सही बघल्यानी आणि केली."

म्हणजे चाळीतली दारं मंडळाने उघडली नव्हती. ती मामांच्या तीस वर्षांनी उघडली होती. दोन आठवडे आम्ही ज्या दारांवर जाऊन सही मागे घ्या म्हणत होतो, त्या प्रत्येक दारातला माणूस मनात म्हणत होता, आधी तुमची घ्या. आणि कुणी तोंडाने म्हटलं नाही, कारण समोर घाडीमामा होते.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"तुका नावां छापूची होती मा? छाप. एकच नाव. पण आधी लक्ष्मीकडे जावया."

लक्ष्मीबाई नुकत्याच पाळीवरून आल्या होत्या. केसांत कापसाचे तंतू तसेच. मामा त्यांच्या चौकटीच्या कडेला नाही, मधोमध उभे राहिले. पहिल्यांदाच.

"लक्ष्मी, त्या दिवशी मी पत्र पुरां वाचूक नाय. पयला नाव माझां होतां."

लक्ष्मीबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "मला ठाऊक होतं मामा."

"कसां?"

"माझी सुमन चौथीत आहे. वकिलाचं पत्र तिने आधीच वाचलं होतं. सगळं."

मामा म्हणाले, "मगे माझ्याकडे आलंस कित्याक गो?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी ओळ गाळत नाही असं सगळी चाळ म्हणते. म्हटलं बघू."

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण गेलो नाही. मामा उंबऱ्यावर बसले. मग लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आता बसूच नका मामा. महिना संपत आलाय. माझ्यापुढे कबूल केलंत, त्याने माझी खोली राहत नाही. जिना चढा."

मामा उठले आणि जिना चढले.

दुसऱ्या दिवशी मेहताकडे जाऊन त्यांनी आधी आपली सही खोडली. मग ते पत्रक मामांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. मी दोनदा जोरदार वाक्य घुसवलं, दोनदा त्यांनी काढलं. शेवटी पाच ओळी राहिल्या. 'मी रामचंद्र घाडी, पहिला मजला. लक्ष्मीबाई तांबे यांच्याविरुद्धच्या अर्जावर पहिली सही माझी आहे. ती मी न वाचता केली. वाचल्यावर मालकाच्या ऑफिसात जाऊन खोडली. माझी बघून ज्यांनी केली त्यांनी माझी बघून खोडावी.' त्यानंतर मी कितीतरी पत्रकं लिहिली. कोळिणीने ज्यात बोंबील बांधले नाहीत असं माझं एकच पत्रक, आणि ते माझं नव्हे.

मग आम्ही पुन्हा दारं केली. या वेळी मामा आधी बोलत, त्यांचं टपाल मागून घेत. पहिलं दार नलूच्या वडिलांचं. परब लूमवर तीस वर्षं उभं राहिलेला माणूस, बसायला सांगितलं तरी उभा राहायचा.

"मामा, तुमची बघूनच केली मी."

"म्हणानच इलंय."

"आता खोडली तर राणे काय म्हणेल? पोराचं रेशनकार्ड त्याने करून दिलंय."

"रेशनकार्ड सरकारचां. राणेच्या बापाशीचां नाय. नवीन होया असात तर मी येतंय तुझ्यावांगडा, दिवसभर रांगेत उभो रवतंय. पायांक माझ्या सवय आसा."

आतून नलू म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही गेलात तर मी तुमच्या नावाने जाते. सही मला येते तुमची." परबांनी तिच्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि सदरा चढवला.

राणेने मामांना जिन्यात गाठलं. आवाज तोच, मऊ. "मामा, या वयात कशाला नाक कापून घेताय? सगळे विसरले असते."

"चष्मो नाकार नव्हतो तेव्हाच नाक गेलां, राण्या. आता कित्याक जपू?" आणि ते पुढच्या दाराकडे वळले. राणेला त्यांनी तेव्हा पहिल्यांदा राण्या म्हटलं.

सगळे आले नाहीत. पण निम्म्याहून जास्त आले, एकेकटे, सकाळी कामावर जायच्या आधी, मेहताच्या टेबलापुढे रांग लावून. काहींनी अंगठा उठवला होता. अंगठा खोडायचा कसा, म्हणून मेहता चक्रावला. मामांनी त्याला सांगितलं, बाजूला दुसरा घ्या आणि लिहा, मागे घेतला. तीस वर्षं मनीऑर्डरींवर अंगठे घेतले होते त्यांनी. वकिलाने दावा लावला नाही. लक्ष्मीबाईंची खोली राहिली, सुमनची शाळा राहिली. नळावर त्यांचा हंडा कुणी सन्मानाने आणून ठेवला वगैरे काही झालं नाही. त्यांनी तो स्वतः रांगेत ठेवला आणि कुणी हलवला नाही. एवढं मिळवायला सात माणसं, त्यांतला एक म्हातारा, आणि एक पूर्ण उन्हाळा लागला, हे मी आमच्या पुढाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, छान, पण छापू नकोस.

मामा मला शेवटचे दिसले ते राज्य झालं त्या दिवसांत. लालबाग विजेच्या माळांनी मढलं होतं. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे गुलालाने माखलेला राणे. मी मामांना शोधत चाळीत गेलो. मामी म्हणाल्या, वर गेलेत. तिसऱ्या मजल्यावर पेडणेकरांच्या दाराशी मामा होते. ज्यांनी सही मागे घेतली नाही त्यांच्यापैकी हे एक. दार बंद. आत रेडिओ मोठ्याने लावलेला. मामा चौकटीच्या कडेला, खांद्यावर पिशवी, बंद दाराशी बोलत होते. पेडणेकरांच्या गावच्या ओढ्यावरचा साकव वाहून गेल्याचं, त्यांच्या म्हातारीच्या डोळ्यांचं, असं काहीबाही. लक्ष्मीबाईंचं नावही नाही. मी जिन्यातूनच हाक मारली, "मामा, मिरवणूक निघाली!" त्यांनी हात वर करून मला थांबायची खूण केली, आणि बोलणं चालूच ठेवलं. मी थोडा वेळ थांबलो. मग मिरवणुकीत गेलो. त्या वर्षी गणपतीच्या आधी ते गेले.

तो कागद मालकाच्या ऑफिसात अजून आहे. मी गेल्या महिन्यात बघून आलो. त्यावर न खोडलेल्या सह्या अजून आहेत. नावं मी छापत नाही. पण तुम्ही हे वाचताय, आणि आपली सही तुम्हाला ओळखता येते. सकाळी दहा ते बारा मेहता अजूनही टेबलावर असतो. जा. सही खोडा, खाली आजची तारीख घाला, आणि तिथून सरळ दुसऱ्या मजल्यावर जाऊन लक्ष्मीबाईंना तोंडाने सांगा. चिठ्ठी पाठवू नका. आणि जांभळीच्या चाळीत न राहणाऱ्या वाचका, तू सुटलास असं समजू नकोस. बिल्ला लावलेला कुणी हसरा माणूस तुझ्याही दारावर कागद घेऊन आला होता आणि शेजाऱ्याने केली म्हणून तूही केलीस. तो अर्ज कुठे गेला, त्यात खाली बारीक अक्षरात कुणाचं नाव होतं, हे उद्या जाऊन विचार. स्वतःच्या डोळ्यांनी वाच. आणि त्या कागदाने त्या माणसाचं राहतं घर जाणार असेल, तर सही परत घेऊनच घरी ये.